उकळलेलं पदक

आमच्या सासरी सोन्याचं एक पदक आहे. मधे मोठा माणिक, भोवती पाचू. अचलपुरात इमादशाही होती तेव्हापासूनचं, असं सासूबाई सांगत. ते कुणा एकीचं नाही. नवी सून लग्नात घालते, अन् पुढची सून येईपर्यंत तिनंच सांभाळायचं. माझ्याआधी ते थोरल्या जाऊबाईंकडे होतं. माझ्या लग्नात सासूबाईंनी ते माझ्या गळ्यात घातलं अन् एवढंच म्हणाल्या, "जपजो."

जपजो म्हणे! दोन-तीन वर्षांचं काम सात वर्षं लांबलं. कपाशीचे दिवसच असे आले होते, की वलगावात शेती करणाऱ्या पोराला पोरगी कोणी देईना. धाकट्या दिरासाठी घर पाहायला आलेले लोक पोहे खाऊन जात, अन् मग निरोपच येत नसे. तोवर पदक माझ्याच पेटीत. अन् जाऊबाई अकोल्याहून आल्या, की चहाच्या आधी, "पदक दाखव बरं." उलटंपालटं करून पाहायच्या, माणकावर अंगठा दाबायच्या. माझं टाळकंच सरकायचं. मी काय विकून खाल्लं? एकदा तोंडावर म्हटलं, "जाऊबाई, तराजू आणू काय?" पुढच्या खेपेला पुन्हा तेच.

शेवटी दिराचं जमलं बाप्पा! चार दिवसांनी पदक नव्या सुनेच्या गळ्यात पडणार अन् मी सुटणार. म्हटलं, चकचकीत करूनच द्यावं. रिठ्याचं पाणी खळखळ उकळलं अन् त्यात सोडलं. चांदीचे पैंजण मी असेच उजळते. काढून पाहते तर माणकाच्या जागी खड्डा! काळं काहीतरी ओघळलेलं. माय वं! पाणी फडक्यातून गाळलं, रिठ्याचं एकेक टरफल चाचपलं. खडा नाही. आता जाऊबाई म्हणणार, पाहा, मले वाटलंच होतं. सात वर्षं जपलं अन् शेवटच्या आठवड्यात चोर ठरणार! मी मोरीपाशीच बसून रडले.

सकाळच्या एसटीनं अचलपूर गाठलं. तिथे जडावाचं काम करणारे एक म्हातारे चाचा होते. जुना दागिना त्यांच्याशिवाय कोणाच्या हाती देऊ नये, असं आमच्या घरी म्हणत. चाचांनी पदक नाकाशी नेलं.

"रिठा?"

मी मान हलवली.

"बेटी, हे आतून लाखेनं भरलेलं असते. लाख पातळ झाली तं खडा कसा टिकंन? भांडं घासलं काय?"

"नाही."

"मंग काहून रडून राहिली? लाख भांड्याच्या बुडाले चिपकली असंन. खडा तिच्यातच."

धावतपळत घरी आले, तर मोरीपाशी जाऊबाई! लग्नासाठी अकोल्याहून आल्या होत्या अन् आल्या आल्या माझी भांडी घासायला बसल्या होत्या. हातात तेच भांडं अन् खरवडायला उलथनं. संपलं, म्हटलं. त्यांनी मूठ उघडली. लाखेत बरबटलेला माणिक.

"उकळलं काय वं?"

"हो."

"मीबी उकळलं होतं." त्या माणकावरची लाख नखानं खरडू लागल्या. "चाचानं बसवून देल्लं. पण मले धाक, तो खडा तुह्या हातून निसटला तं माहं पाप तुह्या माथी. म्हणून दरवेळी पाहत होती."

सात वर्षं मी या बाईवर दात धरला होता! त्यांच्या ओल्या हातासकट त्यांना मिठी मारली. छातीवरचा धोंडाच उतरला.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून चाचांकडे गेलो. माणिक बसवून झाल्यावर चाचांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "या खेपेले दोघी आल्या. बरं केलं. तुमची सासू एकटीच आली होती, लई रडली."

लग्नात सासूबाईंनी नव्या सुनेच्या गळ्यात पदक घातलं. "जपजो," त्या म्हणाल्या.

मी पुढे झाले. "अन् उकळत्या पाण्यात टाकू नोको."

जाऊबाईंना ठसका लागला. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, अन् तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या, की भटजीसुद्धा मंत्र थांबवून पाहत राहिले.