अप्पांना न सांगितलेला खटला

मी अमेरिकेला निघालो तेव्हा अप्पा तंजावूर स्टेशनवर कोर्टाच्या काळ्या कोटातच आले. एवढ्या उकाड्यात असला कोट घालणाऱ्यांकडून शहाणपणाची अपेक्षा कशी करायची, असं मी त्यांना नेहमी चिडवायचो. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "तिथं अजून ज्युरी आहे. कधी बसलास तर आत काय बोलतात ते मला सांग." आपल्याकडची ज्युरी त्यांच्या वकिलीआधीच संपली होती. ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं, हे त्यांना जन्मभर कळलं नव्हतं.

नागरिक झाल्यावर काही वर्षांनी मला टपालाने ज्युरीत बसण्याचं बोलावणं आलं. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी प्रश्न विचारून अनेकांना घरी पाठवलं. मला ठेवलं, बहुधा माझ्या चेहऱ्यावर काहीच दिसत नसावं म्हणून. खटला चोरीचा, सगळी मदार एका साक्षीदारावर. आम्ही बारा जण आत आलो की अख्खं कोर्ट उभं राहायचं. पहिल्या दिवशी मला हसू आलं. तिसऱ्या दिवशी ते आवडायला लागलं.

न्यायाधीश रोज बजावायचे: खटल्याबद्दल घरीसुद्धा बोलू नका. अप्पा तेव्हा अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी आशा सोडल्याचं अक्काने कळवलं होतं. फोनवर अप्पा रोज विचारायचे. सांगता येत नाही म्हटल्यावर म्हणायचे, "सरी, बरं, नियम आहे तर नको." एकदा मात्र त्यांनी विचारलं, "साक्षीदार खोटं बोलतो ते तुम्हाला कळतं का रे? एवढंच सांग."

"निकालानंतर, अप्पा."

त्या अमेरिकन गावात आमची तंजावुरी मराठी कोणाला कळणार होती? पण माझ्यासाठी कोर्ट उभं राहत होतं ना.

बाराही जणांचं एकमत लागतं. एक बाई अडून बसल्या, त्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही आरोपीला निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांनी आभार मानले आणि सांगितलं, आता कोणालाही सांगा. शिपायाने जमा केलेले फोन परत दिले. माझ्या फोनवर अक्काचे सात मिस्ड कॉल होते.

तुमच्यातले जे माझ्यासारखे परदेशी गेले, त्यांना घर म्हणजे काय ते विचारून पाहा. कोणी गल्ली सांगेल, कोणी सांबाराचा वास. अप्पा नाहीत, पण राजवाड्यामागचं आमचं घर अजून आहे, मी जातोही. अक्का विचारते, खटला काय होता रे? मी विषय बदलतो. तो साक्षीदार खोटं बोलत होता, अप्पा. पहिल्या दिवशीच कळलं होतं.