शिवेवरचा भाकरतुकडा

आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेला मी पहिला. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं. जीव वाचवायला निघालेल्या निर्वासितांना देशोदेशीच्या सीमांवर कसं अडवतात, यावर मी पेपरात चार पानं लिहिली होती आणि चांगली लिहिली होती. म्हणूनच लॉकडाऊनात गावानं शिवेवर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या, तेव्हा वही-पेन घेऊन तिथं बसायचा मान मला मिळाला. फळ्यावरचा नियमही माझ्याच अक्षरात होता : 'गावच्या रेशनकार्डावर नाव असेल त्यालाच प्रवेश.'

चौथ्या दिवशी दुपारी पुण्याहून धाकटी बहीण नवऱ्यासोबत आली. खोलीमालकानं बाहेर काढलेलं. भाजीच्या टेम्पोनं तामलवाडीपर्यंत आणलं, पुढं पायी. तिला आठवा महिना होता.

तिनं फळा वाचला. "अक्षर तुझंच हाय. काढ काटे."

तिचं नाव कार्डावर नव्हतं. लग्नानंतर ते कमी करायचा अर्ज मीच भरला होता, एकही खाडाखोड न करता. वहीत रकाना होता म्हणून मी येण्याचं कारण विचारलं.

पोटावर हात ठेवून ती म्हणाली, "हुरडा खायला आलेय दादा, ऐन उन्हाळ्यात."

सरपंच आले. त्यांनी आधी मेव्हण्यांना मानानं, पाव्हणं सावलीला बसा, म्हटलं. सावली काट्यांच्या पलीकडचीच. मग मला सांगितलं, सकाळीच पायी आलेलं एक बिऱ्हाड आपण माघारी लावलं, आता तुमच्या माणसाला कसं सोडायचं? ते खोटं नव्हतं. त्या बिऱ्हाडाला फळा दाखवणारा मीच.

तेवढ्यात आई आली. हातात तांब्या आणि भाकरी. काट्यांवरूनच तिनं दोघांवरून तुकडा ओवाळला, बाजूला फेकला, पाणी टाकलं. संपलं. भाकरतुकडा ओवाळलेलं माणूस घरात आलेलंच असतं. त्याला माघारी धाडायची छाती आमच्याकडं कुणाची नाही, त्यातून गरवार लेक. सरपंचांनी टोपी सारखी केली आणि स्वतःच फांदी ओढली. चौदा दिवस शाळेत राहायचं, एवढीच अट.

आई मात्र हलेना. सकाळची माणसं कुठल्या वाटंनं गेली, ते तिनं मला विचारलं. मी बोट दाखवलं. उरलेली भाकरी आणि तांब्या घेऊन ती तिकडं चालू लागली.

"साहेब," सरपंच म्हणाले, "फळ्यावर ल्ह्या, तुमच्या आईला शिवेवर यायला बंदी."

"न्हाय जमायचं," मी म्हणालो. "कार्डावर पहिलं नाव तिचंच हाय."