दाजींचा तिसरा डबा

मंठ्यात कम्प्युटर यायच्या कितीतरी वर्षं आधी आमच्या दाजींनी तो चालवला होता, बिघडवला होता आणि भर गॅदरिंगमध्ये दुरुस्तही करून घेतला होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, त्या गावच्या शाळेत गणिताचे मास्तर. सत्तरच्या दशकात एका उन्हाळ्यात ते प्रशिक्षणाला मुंबईला गेले, तिथं काचेपलीकडून त्यांनी हे यंत्र पाहिलं आणि परत आले ते वेगळेच होऊन. जांबला, समर्थांच्या जन्मगावी, दर्शन घेऊन आलेला माणूससुद्धा चार दिवसांनी ताळ्यावर येतो, दाजी काही आले नाहीत.

यंत्र नाही तर नाही, म्हणून त्यांनी ताईचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. "पाव्हणे, मशीनच्या पोटात निस्ते डबे असतात," ते मला सांगत. "एका डब्यात एकच जिन्नस. आता मीठ साखरेच्या डब्यात अन् साखर मिठाच्या डब्यात घालायची, तर काय लागंल?" मी म्हणालो, "अक्कल." ते खूश होऊन म्हणाले, "बिलकुल न्हाई! तिसरा रिकामा डबा!" आणि लगेच अदलाबदल करून दाखवली. संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांनी खारट चहा प्यायला तेव्हा दाजी शांतपणे म्हणाले, "माल बराबर हाय, पत्ता चुकला." तेव्हापासून फळीवर एक डबा कायम रिकामा असे. ताई करवादायची, "डाळ ठेवायला जागा न्हाई, अन् ह्यांचा डबा हवा खाऊन राह्यला!"

शनिवारी शाळेच्या पटांगणात त्यांचा जादा तास असे. पोरं एकामागं एक उभी करायची, पुढचा आपल्यापेक्षा उंच असेल तर त्याच्याशी जागा बदलायची, आणि फेऱ्या घेत राहायच्या. एका अख्ख्या फेरीत कुणीच हललं नाही की काम संपलं, ठेंगण्यापासून उंचापर्यंत रांग तयार. "डोकं वापरायचं न्हाई," दाजी ओरडत, "मशीनला डोकं नसतं!" पोरं हे वाक्य घरी घेऊन गेली आणि सोमवारी पालक हेडमास्तरांकडे आले. मास्तर पोरांना डोकं वापरू नका म्हणून शिकवून राह्यले, ही तक्रार काही खोटी म्हणता येईना. हेडमास्तरांनी निकाल दिला, "गॅदरिंगला मोठ्या माणसांकडून करून दाखवा. गावाला पटलं तर ठीक, न्हाई तर तास बंद." त्या आठवड्यात दाजींना जेवण गोड लागलं नाही. त्यांचा जीवच होता त्या तासात.

गॅदरिंगला स्टेजवर गावातली आठ-दहा वजनदार माणसं रांगेत उभी राहिली. सगळं झकास चाललं होतं, पण त्यात दोन व्याही होते, लग्न नुकतंच झालेलं, आणि उंचीला अगदी सारखे. मागच्यानं विचारलं, "मास्तर, बराबर असलो तर?" पोरांनी हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. दाजी घाईत बोलून गेले, "तरी बदला!" झालं. व्याह्याला पाठ दाखवून पुढं उभं राहायचं हे कुठल्या घरंदाज माणसाला सोसेल? दोघांना आयती सोय मिळाली. "तुम्ही पुढं व्हा." "न्हाई न्हाई, हे बराबर न्हाई, तुम्ही व्हा." बाकीची रांग कधीच लागली होती, पण प्रत्येक फेरीत हे दोघे आनंदानं जागा बदलत. फेरी काही संपेना. मांडव हसून लोळायला लागला, हेडमास्तर घड्याळाकडे पाहायला लागले.

दाजी मात्र हरखले. "पोरांनो, बघा! नियम चुकला की मशीन असंच फिरत राहतं!" पण नियमात नेमकं काय चुकलं, ते त्यांना सुचेना. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं ताईचा आवाज आला, "अहो, बराबर असले तर हलायचं न्हाई म्हणा की! दोन्ही डब्यांत पीठच असल्यावर अदलाबदल करतं का कोणी?"

दाजींनी तसं सांगितलं. व्याही थांबले. पुढच्यानं तेवढं अंग तिरकं करून घेतलं, पाठ नको दिसायला म्हणून. पुढच्या फेरीत कुणी हललं नाही आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. हेडमास्तर हसू दाबत म्हणाले, "तास चालू ठेवा. पण मास्तर, नियम आधी वहिनींना दाखवून मंग पोरांना सांगत जा." त्या दिवशी दाजी ताईकडे ज्या नजरेनं पाहत होते, तसं त्यांनी लग्नातसुद्धा पाहिलं नसेल.

आता त्या शाळेत खरे कम्प्युटर आहेत. दाजी मात्र नाहीत, आणि शनिवार आला की मला त्यांची फार आठवण येते. मागं ताईकडे गेलो तेव्हा तिच्यासाठी तूरडाळ घेऊन गेलो होतो. फळीवर एक डबा रिकामा दिसला, म्हणून त्यात ओतायला गेलो.

"त्यो राहू दे रे," ताई म्हणाली. "अदलाबदलीला लागतो."

मी डाळ पिशवीतच ठेवली.