शैलजाअक्कांनी सांगितलं होतं

हे मी बायकोजवळसुद्धा कधी बोललेलो नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तरी सारखा उठून गॅलरीत जातोय — खाली बंगळुरूच्या बेळ्ळंदूरचं ट्रॅफिक बघतोय, परत येतोय.

काम साधं होतं. एका हॉस्पिटलच्या नोंदींमध्ये रुग्णाला न चालणाऱ्या औषधाचं नाव दोन टॅगांच्या, म्हणजे खुणांच्या, मध्ये लिहिलेलं असे. रेगेक्स — मजकुरातून हवा तो तुकडा शोधणारा पॅटर्न — लावून ती नावं वेगळी काढायची, अ‍ॅरेमध्ये, म्हणजे यादीत, एकेक ठेवायची. डॉक्टरांनी त्यातलं औषध लिहिलं की पडद्यावर लाल इशारा. टीममध्ये रेगेक्स म्हटलं की मीच — मला ते आवडायचं. पण हे कशाला सांगतोय?

शैलजाअक्का आमच्या टेस्टर. चामराजपेटच्या, माझ्यापेक्षा मोठ्या, कंत्राटावर. रिलीजच्या आदल्या दुपारी त्या टेबलाशी आल्या. "स्वल्प बघा ना. औषध एक असलं की बरोबर येतं. दोन असली की दोन्ही मिळून एकच होतंय."

खरं होतं. माझा पॅटर्न पहिल्या टॅगपासून थेट शेवटच्या टॅगपर्यंत सगळं गिळत होता. त्यात एक प्रश्नचिन्ह घातलं असतं तर तो पहिल्या नावापाशीच थांबला असता. "सरी अक्का, संध्याकाळपर्यंत करतो. बग नोंदवू नका, उगाच माझ्या नावावर दिसेल." त्यांनी नोंदवला नाही. आणि मी — विसरलो? नाही. कंटाळा केला. अशी दोन-दोन औषधं कितीजणांना असणार, म्हटलं.

होसकोटेच्या एका बाईंना होती. दोन नावांचं कडबोळं झालं, ते कशाशीच जुळेना, इशारा आलाच नाही. इंजेक्शननंतर त्यांचा घसा सुजला, श्वास कोंडला. चार दिवस आयसीयूत होत्या. वाचल्या.

मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं, "टेस्टिंगनं तुला सांगितलं होतं?" अक्का समोरच होत्या. माझ्याकडे बघत होत्या — रागानं नाही, मी आता बोलेन अशा खात्रीनं.

"नाही," मी म्हणालो.

"मी सांगितलं होतं," एवढंच त्या म्हणाल्या. पुरावा कुठून आणणार? मीच तो होऊ दिला नव्हता. महिनाअखेरीस त्यांचं कंत्राट संपवलं. चटकन दुरुस्ती केली म्हणून माझं मात्र कौतुक झालं.

काही महिन्यांनी दुसऱ्या एका कंपनीतून फोन आला — शैलजा तुमच्याबरोबर होत्या ना, काम कसं होतं त्यांचं? तेव्हा तरी बोलता आलं असतं. फोनवर आम्ही दोघंच, ऑफिसातलं कोण ऐकणार होतं?

"माझा त्यांच्याशी फारसा संबंध आला नाही," असं सांगून मी फोन ठेवला.