साहेबांचा गोल

फुटबॉलचं सरकारी स्टेडियम बांधून झालं तेव्हा मी तिथल्या यजमान क्लबचा गोलकीपर होतो. दिवसभर कोथरूडच्या एका कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी गोलासमोर उड्या. आमचे कॅप्टन म्हणजे लष्कर भागात घड्याळं दुरुस्त करणारे चाचा. वयानं सगळ्यांत मोठे, पळायला सगळ्यांत हळू. पण त्यांना संघातून काढायची छाती कुणाचीच नव्हती.

उद्घाटनाला एक पुढारी आले. फुटबॉल हा आपल्या मातीतला खेळ आहे, असं सांगून ते पुढे अर्धा तास कबड्डीवर बोलले. मग त्यांनी पेनल्टी मारून मैदान खुलं करायचं होतं. चाचांनी मला आधीच बाजूला घेतलं.

"चेंडू उजवीकडे आला तर तू डावीकडे पड."

"आणि डावीकडे आला तर?"

"तर उजवीकडे. एवढं कळायला गोलकीपर लागत नाही."

साहेबांनी किक मारली. चेंडू नेमका माझ्या पोटाशी आला आणि सवयीनं मी तो गच्च धरला. टाळी वाजली ती एकच, माझ्या वडिलांची. त्यांना ठरलेलं कुणी सांगितलंच नव्हतं.

"वारा होता," साहेबांचा एक कार्यकर्ता घाईघाईनं म्हणाला. "परत होऊ द्या."

दुसरी किक गोलाबाहेर गेली. तिसरी अर्ध्या वाटेत थांबली, तेव्हा मात्र वाऱ्याचं नाव कुणी घेतलं नाही. शेवटी चाचाच सावकाश पुढे आले, पायानं चेंडू ढकलत जाळ्यात नेऊन ठेवला आणि मला म्हणाले, "हं, आता पड."

मी पडलो. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवशी पेपरात साहेब हसत होते आणि मी तोंडावर मातीत. कचेरीतले हेडक्लार्क फोटो निरखून म्हणाले, "अहो, एवढं आडवं तुम्हाला फक्त टेबलावरच पाहिलं होतं." मी हसलो, पण आतून जळत होतो. चेंडू धरल्याचं मला कधीच वाईट वाटलं नाही. सांगितल्यावर मुकाट्यानं पडलो, याची मात्र आजही लाज वाटते.

त्याच आठवड्यात तिथे पहिला खरा सामना झाला. बघायला पंधरावीस माणसं, त्यातली निम्मी सावलीला बसलेली. आम्ही पाच गोल खाल्ले.

मी मान खाली घालून बाहेर आलो. चाचांनी खांद्यावर हात ठेवला.

"आज कुणी सांगितलं नव्हतं ना?"

"नाही चाचा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "चल, चहा घेऊ."