कमी केलेली नावं

बेबीनंदा सव्वीस वर्षं गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. कुणाच्या सुनेला दिवस गेले हे सासूच्या आधी बेबीनंदाच्या रजिस्टरला कळतं, असं गाव म्हणतं. गाव खोटं बोलत नाही.

जनगणनेचा खर्च वाचवायचा म्हणून तालुक्यानं तिच्याच गावात एक प्रयोग केला. घरोघर मास्तर हिंडवायचे कशाला? रेशनकार्डं, मतदारयादी आणि अंगणवाडीचं रजिस्टर एकमेकांशी जुळवायचं, की झाली माणसं मोजून. तहसील कचेरीतले कारकून इजहारभाई जुळवलेली यादी घेऊन अंबडहून आले.

"ताई, तुमच्या रजिस्टरमुळं काम बिलकुल सोपं झालं. कुणी सुटलं न्हाई म्हणून एवढी सही करा."

बेबीनंदानं यादी सावकाश वाचली. "यात दैवशाला न्हाई," ती म्हणाली.

दैवशाला तिच्या शेजारची. लग्न झालं तसं बापाच्या कार्डातून तिचं नाव कमी केलं; लेकींचं करतातच तसं. सासरी नाव चढायच्या आधीच नवऱ्यानं तिला माघारी धाडलं. चार वर्षं ती भावाकडं, अंगदकडं राहते, त्याच्या रानात राबते, पण तो काही तिचं नाव कार्डात घालत नाही. उद्या वाटा मागेल, ही त्याची धास्ती. मतदारयादीत नाव कधी लागलंच नाही. मूलबाळ नाही, म्हणून अंगणवाडीतही नाही. सही झाली असती तर दैवशाला सरकारच्या लेखी जन्मलीच नसती.

"एका बाईसाठी सगळं गाव फिरायचं तर खर्चा वाचला कुठं?" इजहारभाई म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं.

"फिरू नकाच. नाव कमी केल्याचा दाखला तुमच्याच ऑफिसात मिळतो ना? त्याची नोंद असतीच. कमी झालेली आन् पुन्हा कुठंच न चढलेली तेवढी नावं काढा. मी तेवढ्याच घरी जाते."

दोन दिवसांत अकरा नावं निघाली. मोठ्या पगाराच्या साहेबांना जे सुचलं नाही ते मानधनावरच्या बाईला सुचलं. बाईला मानलं पाहिजे.

पहिलं घर दैवशालाचं. अंगद दारात आडवा उभा राहिला. "कार्डात घालू नका."

"कार्डात न्हाई, माणसांत लिहून राह्यले," बेबीनंदा म्हणाली. तो बाजूला झाला.

दैवशालानं फॉर्मवरचं आपलं नाव दोनदा वाचलं. "ताई, आता हे कुणी कमी तर करणार न्हाई ना?"

"करायचं म्हणलं तर आधी माझ्यासमोर यावं लागंल."