मैलावरची चकती

थेन बॅगलीला वारा दिसायचा. ही थाप वाटेल, पण डेल्टा गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्याने हेच सांगितलं असतं. सकाळचे दहा वाजून गेले की वाळवंटातली जमीन तापते आणि दुर्बिणीतून पाहिलं तर तिच्यावर मृगजळ हलताना दिसतं. वारा पडलेला असेल तर ते सरळ वर चढतं. सुटला की आडवं वाहायला लागतं, पाटातल्या पाण्यासारखं. थेन पोटावर झोपून त्या वाहण्याकडे बघत राहायचा आणि हलकेच म्हणायचा, "एक खूण डावीकडे." म्हणजे रायफलीवरच्या दुर्बिणीत ज्या बारीक खुणा असतात, त्यांतली एक. नेम धरणाऱ्याने ऐकलं तर पोलादी चकती वाजायची, नाही ऐकलं तर शेजारी धूळ उडायची.

स्वतः तो रायफल क्वचितच हातात घ्यायचा. गावाबाहेरच्या खनिजाच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं वेल्डिंग केलं. तिथेच एकदा उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली चेचली गेली आणि त्या हाताला कायमचा कंप आला. तेव्हापासून तो दुर्बिणीमागे गेला तो गेलाच. बायको आफ्टन, चार मुली, त्या सगळ्या लग्न होऊन आयडाहो नि नेवाडात गेलेल्या. बोलणं कमी. कुणी कौतुक केलं तर बुटाकडे बघत राहायचा.

वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि सप्टेंबरात, तिघं मित्र सेव्हियर नावाच्या कोरड्या खाऱ्या तळ्यापलीकडे जायचे: थेन, डेलॉय फिनलिन्सन आणि गार्थ एन्स. शाळेपासूनची दोस्ती. चकत्या थेन बनवायचा, कारखान्यातल्या टाकाऊ पोलादातून कापून, पांढरा रंग देऊन. डेलॉय जेवण बघायचा. जाड लोखंडी भांड्यात बटाटे, कांदा नि बेकन घालायचं, झाकणावर निखारे रचायचे आणि तासभर कुणाला जवळ फिरकू द्यायचं नाही. गार्थ गोळ्या झाडायचा. नेम धरावा तर त्यानेच. देखणा माणूस, गप्पिष्ट, हसला की समोरच्यालाही हसू यायचं. हजार यार्डांवर, म्हणजे अर्ध्या मैलाच्या थोडं पुढे, तो बोलता बोलता मारायचा. मैलावर मात्र त्याला कधी साधलं नव्हतं. मैलभर दूर ठेवलेली चकती दुर्बिणीतूनसुद्धा शर्टाच्या बटणाएवढी दिसते.

अकरा वर्षांपूर्वी, एप्रिलमध्ये, गार्थचा एकुलता एक मुलगा ब्रॉक हायवेवर पिकअप उलटून गेला. सव्वीस वर्षांचा होता. जूनमध्ये गार्थची बायको मार्व्हा बहिणीकडे जाते म्हणून गेली आणि परत आली नाही. गार्थ घरात बसला. चर्चला येईना, हजामत करीना. शेजारणी झाकलेली भांडी दारात ठेवून जायच्या, ती तशीच दुसऱ्या दिवशी दिसायची. एके संध्याकाळी डेलॉय थेनकडे आला आणि म्हणाला, "त्याच्या बंदुका साफ करायच्या निमित्ताने तुझ्याकडे आणून ठेव. सगळ्या." थेनने कारण विचारलं नाही. सगळ्या आणल्या आणि कपाटाची किल्ली आफ्टनकडे दिली.

सप्टेंबरात दोघांनी गार्थला जवळजवळ उचलूनच पिकअपमध्ये घातलं. वाळवंटात पोचल्यावर थेनने त्याच्या हातात रायफल दिली आणि स्वतः इतका जवळ झोपला, की गार्थचा श्वास त्याला ऐकू येत होता. त्या दिवशी गावातली आणखी पाचसहा माणसं आली होती, गार्थला बघायलाच म्हणा ना. गार्थने मैलावर सहा गोळ्या झाडल्या. सहाही चुकल्या. मग तो म्हणाला, "ही शेवटची. मग माझं झालं."

ते 'झालं' ऐकून थेनला आफ्टनकडे दिलेली कपाटाची किल्ली आठवली.

"दीड खूण डावीकडे," थेन म्हणाला. "थांब. थांब. आता."

गोळी सुटली. मैलभर जायला तिला अडीच-तीन सेकंद लागतात. थेनच्या डोळ्यासमोर चकतीच्या उजव्या बाजूला, हातभर अंतरावर, धुळीचं फूल उमललं आणि वाऱ्याने पुसलं गेलं.

"लागली," थेन म्हणाला.

मागची माणसं ओरडली. डेलॉयने टोपी उडवली. लागल्याचा टणत्कार मैलावरून यायला आणखी चार-पाच सेकंद जातात, पण त्या गोंगाटात तो आला का नाही याची चौकशी कोण करतो? गार्थ मात्र तसाच पडून होता, गाल रायफलीला टेकवलेला. मग त्याचे खांदे हलायला लागले. एप्रिलनंतर पहिल्यांदा तो रडला.

चकत्या गोळा करायला नेहमीप्रमाणे थेन एकटाच गेला. हजार यार्डांवरच्या चकतीवर सकाळी डेलॉयच्या गोळीचा करडा डाग पडला होता. ती त्याने मैलावरची म्हणून आणून गार्थच्या मांडीवर ठेवली. मैलावरची कोरी चकती ताडपत्रीखाली सरकवली. हे त्याने आफ्टनलाही सांगितलं नाही.

गार्थ सावरला. हजामत केली, चर्चला आला, चकती घरातल्या शेकोटीच्या वर भिंतीवर टांगली. दोन-तीन वर्षांत तो 'मैलवाला गार्थ' झाला. सॉल्ट लेकहून, लास व्हेगासहून माणसं त्याच्याकडे शिकायला यायला लागली. मे आणि सप्टेंबरच्या सहली आता त्यांच्यासाठी असायच्या. चकत्या थेनच कापायचा, वारा थेनच सांगायचा, पाहुण्यांच्या खुर्च्याही थेनच उतरवायचा. गार्थ ओळख करून द्यायचा, "हा आमचा थेन. माझं काम मारायचं, ह्याचं काम हो म्हणायचं." पाहुणे हसायचे. थेनही हसायचा. पहिल्या वर्षी त्याला ते खरंच गमतीचं वाटलं होतं.

"तुला का नेतात, माहीत आहे?" आफ्टन एकदा म्हणाली. "गाढव लागतं म्हणून."

"मित्र आहे तो माझा."

"त्याला विचारलंस का कधी?"

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. थेन चौसष्ट वर्षांचा, निवृत्त. गार्थने चार पाहुणे आणले होते आणि एक नवीन कॅमेरा. तो चकतीजवळ ठेवायचा आणि तिकडचं चित्र इकडे मांडीवरच्या पडद्यावर बघायचं. शिवाय वारा मोजायचं एक छोटं यंत्रही होतं, मुठीत मावेल एवढं. गार्थने ते वर धरलं, आकडा वाचला आणि पाहुण्यांकडे बघत म्हणाला, "थेन, तू आता आराम कर बाबा. आम्ही सुधारलो."

तरी थेन सवयीने दुर्बिणीमागे झोपला. झोपल्या जागी वारा मंद होता, यंत्र खोटं बोलत नव्हतं. पण मधल्या खोलगट भागात मृगजळ जोरात वाहत होतं. गोळीला त्यातून जायचं होतं. पाहुणे मागे पडद्याभोवती, कानांवर आवाज अडवणारी झाकणं चढवून बसले होते.

"दोन खुणा डावीकडे," थेन म्हणाला.

"यंत्र दीड म्हणतंय."

"यंत्र इथलं सांगतंय. मधे वारा जास्त आहे. दोन धर."

गार्थने दीडच धरलं. गोळी झाडली. पडद्यावर धूळ उडाली, चकतीच्या उजवीकडे, सगळ्यांना स्वच्छ दिसेल अशी. दुसरीही तिथेच. तिसरी, चौथी, पाचवी. पाहुण्यांपैकी एकाने घसा खाकरला. गार्थ उठून बसला, गुडघे झटकले आणि हसला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "म्हाताऱ्याचं ऐकलं. हा दीड म्हणाला, मी दीड धरलं. डोळे गेलेत रे त्याचे, पण सांगणार कोण?"

पाहुणे कनवाळूपणाने थेनकडे बघायला लागले. थेनने डेलॉयकडे पाहिलं. डेलॉय चार पावलांवर निखाऱ्यांजवळ होता, त्याने प्रत्येक शब्द ऐकला होता. तो झाकण उचलून बटाट्यांत बघत राहिला. बटाटे अजून कच्चे होते.

"मी दोन म्हणालो होतो," थेन म्हणाला.

"बरं, दोन म्हणालास," गार्थ म्हणाला, आणि पाहुण्यांकडे बघून डोळा मारला.

जेवणाआधी कॅमेरा आणायला जायचं होतं. थेन गार्थच्या पिकअपमध्ये जाऊन बसला. गार्थने गाडी काढली. चकतीजवळ उतरल्यावर थेनने तिच्यावरून हात फिरवला. पांढऱ्या रंगावर एक ओरखडा नव्हता.

"अकरा वर्षांपूर्वीही नव्हता," तो म्हणाला. हे वाक्य इतकी वर्षं त्याच्या तोंडात होतं, पण बाहेर पडलं ते फार साध्या आवाजात. "तुझी गोळी उजवीकडे गेली होती. हातभर. मी खोटं बोललो. शेकोटीवर टांगलीयस ती डेलॉयने मारलेली."

गार्थ कॅमेऱ्याच्या तारा गुंडाळत होता. गुंडाळत राहिला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"सगळं. लहानपणापासून गोळ्या झाडतोय मी, थेन. पोलाद वाजलं नाही हे मला कळणार नाही? अरे, चाप ओढतानाच कळलं होतं की गेली."

"मग रडलास का?"

"तू खोटं बोललास म्हणून." गार्थ पहिल्यांदा त्याच्याकडे वळला. "शाळेपासून तू मला एक शब्द खोटा सांगितला नव्हतास. चुकलं की चुकलं म्हणायचास. त्या दिवशी तू लागली म्हणालास तेव्हा कळलं, मी किती खाली गेलोय ते. तुमच्या लेखी मी मेलेलाच होतो. मेलेल्याला कुणी खरं सांगत नाही."

"आम्ही घाबरलो होतो."

"माहीत आहे. बंदुकाही नेल्या होत्यास. साफ करायला म्हणे." तो हसला, पण हे हसू पाहुण्यांसमोरचं नव्हतं. "रोज सकाळी ती चकती दिसते, थेन. आणि तिच्यात मला तू दिसतोस. दया करणारा. तुला काय वाटलं, ह्याबद्दल मी तुझे आभार मानत असेन?"

"काढून टाकायची होतीस मग."

"लोक बघायला येतात ती."

वारा सुटला होता. कोरड्या तळ्यावरून मीठ उडत होतं आणि ओठांना लागत होतं. थेनने विचारलं, विचारायचं नव्हतं तरी विचारलं, "मी त्या दिवशी चुकली म्हणालो असतो तर?"

"तर घरी जाऊन झोपलो असतो." गार्थने कॅमेरा मागच्या बाजूला टाकला. "झालं म्हणजे त्या दिवसापुरतं झालं. गोळ्या संपल्या होत्या. तुम्हीच काय काय मनात आणलंत."

हे खरं होतं का, की अकरा वर्षं घोळवून त्याने तसं ठरवून टाकलं होतं, हे थेनला त्या वेळी कळलं नाही, पुढेही कधी कळलं नाही. नेमकं तेच त्याला सर्वांत जास्त लागलं. एका माणसाला वाचवलं, एवढी एकच गोष्ट त्याच्या आयुष्यात त्याला मोठी वाटत होती. तीही त्याने कुणाला सांगितली नव्हती. आता सांगण्याजोगी उरली नाही.

परतीचा प्रवास डेलॉयच्या पिकअपमध्ये होता. कुंपणाच्या पलीकडे हरणं चरत होती.

"तू ऐकलं होतंस," थेन म्हणाला. "दोन."

"ऐकलं होतं."

"मग?"

डेलॉयने गाडीचा वेग कमी केला. "माझं शेत त्याच्या शेताच्या खालच्या अंगाला आहे, थेन. पाणी त्याच्या बांधावरून येतं. मला उरलेली वर्षं तिथे काढायची आहेत."

"मी तुला बोल लावत नाही."

"लावतोयस," डेलॉय म्हणाला. "लाव."

घरी आल्यावर आफ्टनने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि सूप गरम केलं. जेवताना त्याने तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती ऐकत राहिली. तिच्याकडे तयार असलेले टोमणे त्या दिवशी एकही बाहेर आले नाहीत. शेवटी ती एवढंच म्हणाली, "मी असते तर मीही लागली म्हणाले असते."

"आणि तुलाही हेच मिळालं असतं," थेन म्हणाला.

सप्टेंबरात त्याला बोलावणं आलं नाही. चकत्या आता दुकानातून मागवतात असं त्याच्या कानावर आलं. गार्थने तेव्हाही मैलावर गोळ्या झाडल्या आणि चुकला, तेव्हा दोष यंत्राचा निघाला. हे ऐकून आपल्याला बरं वाटेल असं थेनला वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

गाव लहान, चर्च एकच. दर रविवारी गार्थ त्याच बाकावर बसतो, जिथे हे तिघं वर्षानुवर्षं बसत आले. जागा बदलावी तर लोक विचारतील, म्हणून थेनही तिथेच बसतो. प्रसादाच्या पावाच्या तुकड्यांचं तबक बाकावरून हातोहात पुढे येतं. गार्थ आपला तुकडा उचलतो आणि तबक थेनपुढे धरतो. थेनच्या दुखऱ्या हाताचा कंप वाढलाय, म्हणून गार्थ तबक जरा जास्त वेळ धरून ठेवतो, सांडू नये म्हणून. बघणाऱ्यांना वाटतं, काय ही जुनी दोस्ती. थेन तुकडा घेतो, खालीच बघत चावतो आणि तबक आफ्टनकडे सरकवतो.